यंदाची ज्युरी कोण?

यंदा मार्चमध्ये मला सलग तीन रात्री झोप लागली नाही. मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "इराला ताप आहे का?" नाही म्हटलं. "शाळेचं काही?" तेही नाही. "मग?"

आता काय सांगणार! पावणेपाच वर्षांच्या मुलीची आई, एम.ए. झालेली बाई, आणि कूस बदलत होते ती सातासमुद्रापलीकडच्या एका सिनेमाच्या सोहळ्यात सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस कोणाला मिळणार या काळजीनं! त्या बाईला मी ओळखत नाही, तिला माझा पत्ता नाही. पण ती हरली असती, तर माझ्या मुलीचं नुकसान होणार होतं. ते कसं, ते सांगते.

असे किस्से आमच्याकडे फ्रीजमधल्या छोट्या वाट्यांसारखे साठतात. प्रत्येकीत जेमतेम दोन चमचे ऐवज, टाकवत तर नाही, आणि मग एक दिवस दुधाचं पातेलं ठेवायलाही जागा उरत नाही. तर आज मी फ्रीज साफ करायला काढलाय.

आम्ही चौघीजणी. हिंदी मुलखातल्या आमच्या गावी, हरिशंकरपुरम या वस्तीत, समोरासमोरच्या घरांत मी आणि केतकी, माझ्या वरच्या मजल्यावर नीलू भाभी, आणि खासगी बाजार नावाच्या जुन्या पेठेतून रिक्षा करून येणाऱ्या जाधवकाकू. केतकीचा विहान आणि माझी इरा एकाच वर्गात.

चार वर्षांपूर्वी केतकीनंच हे खूळ काढलं. त्या परदेशी सोहळ्यात कोण जिंकणार ते आधी लिहून द्यायचं. आठ बक्षिसं, आठ नावं. चिठ्ठीची घडी घालून तिच्यावर आपल्या कपाळाची टिकली चिकटवायची, म्हणजे सील! आणि ती गजकच्या, म्हणजे इकडच्या तिळाच्या वड्यांच्या, रिकाम्या डब्यात टाकायची. सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो, तो सगळ्यांनी मिळून बघायचा. मंदार पंच, कारण त्याला सिनेमातलं काही म्हणजे काही कळत नाही.

सिनेमांची खरी नावं आम्हाला कुणालाच नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून आमची आमची नावं असतात. जहाजवाला, कोर्टवाला, शेळीवाला, आणि दरवर्षी एक तरी "तो ज्यात कुणी बोलतच नाही तो".

जिंकणारीला काय मिळतं? तिला वर्षभर "ज्युरी" म्हणायचं. सिनेमावरून वाद झाला, तर ज्युरीचा शब्द शेवटचा. बस, एवढंच! ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं.

सलग चार वर्षं केतकी ज्युरी आहे.

*

पहिल्या वर्षी मी जिवापाड अभ्यास केला होता. इरा तेव्हा आठ महिन्यांची. तिला भरवता भरवता मी सगळे सिनेमे पाहिले, खालची इंग्रजी अक्षरं वाचत. जहाजवाला साडेतीन तासांचा होता, तो मी अकरा दिवसांत अकरा तुकड्यांनी संपवला. मऊभाताच्या हिशेबानं म्हणाल तर बावीस वाट्या. लॅपटॉपवर तक्ता केला, कोणाला आधी कुठली बक्षिसं मिळाली, कोणाची किती वर्षांची उपेक्षा, सगळं.

आठपैकी एक बरोबर आलं!

केतकीची सहा. "तू कधी पाहिलेस गं सगळे?" मी विचारलं. म्हणजे सहज, हसत. दात दिसतील इतपतच हसत.

"पाहिले कुठे?" केतकी म्हणाली. "मी पोस्टर बघते फक्त."

*

नीलू भाभींची पद्धत त्याहून सोपी. त्या प्रत्येक बक्षिसासाठी यादीतलं पहिलं नाव लिहितात. त्यांची तीन बरोबर आली.

"भाभी, पण का पहिलंच?"

"अरे यार, शाळेत हजेरी कशी लागते? जो पहला है वो कम से कम सुनता तो है!"

तीन! आणि माझा तक्ता रंगीत होता.

*

जाधवकाकूंचे पणजोबा दख्खनेतून घोड्यावर इकडे आले आणि काकू अजून उतरलेल्या नाहीत. एका शाळेत खेळाच्या बाई होत्या, त्यामुळे बोलणं सगळं मैदानावरचं. त्यांनी एकही सिनेमा पाहिलेला नसतो. मी मोबाइलवर त्यांना पाचही नट्यांचे फोटो दाखवते. दुसऱ्या वर्षी त्या पाचही फोटोंवरून एकदा नजर फिरवून म्हणाल्या, "ही. मधली."

"का काकू?"

"बाकीच्या चौघी नटल्यात. ही बाई मुळात देखणी आहे आणि पिक्चरभर भिकारणीसारखी फिरलीय. देखणी बाई वाईट दिसायला तयार झाली की लोकांना फार मोठा त्याग वाटतो. लिही हिचं नाव!"

तिलाच मिळालं. मी मागे सांगितलेल्या रात्रींतली एक रात्र फक्त या वाक्यावर विचार करण्यात गेली. कारण पाच वर्षं झाली, मी पण वाईटच दिसते आहे की! मला कोणी काही दिलं नाही.

*

त्याच काकूंचा तिसऱ्या वर्षीचा किस्सा. चिठ्ठ्या लिहिण्याआधी अंदाज यावा म्हणून मी त्यांना आदल्या वर्षीच्या सोहळ्याचे थोडे तुकडे दाखवले. त्यात एक भाग असा असतो की हळू आवाजात गाणं चाललंय आणि वर्षभरात वारलेल्या कलावंतांचे फोटो एकामागून एक येताहेत. मी नेमकी तेव्हा गॅस बंद करायला उठले.

सोहळ्याच्या पहाटे मंदारनं काकूंची चिठ्ठी उघडली आणि ती दोनदा वाचली. प्रमुख अभिनेत्याच्या जागी काकूंनी लिहिलं होतं, "काल फोटो दाखवलेस त्यातले पांढऱ्या दाढीचे बाबा. चेहरा सात्त्विक आहे."

"काकू," मंदार हळूच म्हणाला, "ते गेले."

"कुठे गेले?"

वाद पेटला. नीलू भाभी म्हणाल्या, चिठ्ठी रद्द. मी म्हटलं, रद्द. काकू म्हणाल्या, "मग मेडल मिळालेला शिपाई मेला, तर त्याचं मेडल परत घेता का तुम्ही?" शेवटी सगळ्या ज्युरीकडे वळल्या. केतकीनं चहाचा कप शांतपणे खाली ठेवला आणि निकाल दिला, "मरणोत्तर चालतं. अर्धा मार्क."

त्या अर्ध्या मार्कानं काकू माझ्या पुढे गेल्या!

*

सत्ता अशीच पसरते, कोणाच्या लक्षात येत नाही. आधी फक्त सिनेमे होते. मग नीलू भाभींच्या पडद्यांचा रंग ज्युरीनं ठरवला. मग इराच्या कपाळावर बट ठेवायची की नाही, ते. (ठेवली. चांगली दिसली. त्याचं दुःख वेगळं.) आणि मग आलं पाडव्याचं नाटुकलं.

इथल्या मराठी मंडळात गुढीपाडव्याला लहान मुलांचं नाटुकलं होतं आणि ते आम्ही चौघीच बसवतो. गोष्ट ठरलेली असते, एक राजा, एक राणी, एक जंगल. राणी कोण यावरून दोन आयांचं वाजायला लागलं तेव्हा जाधवकाकू गरजल्या, "खामोश! ज्युरीला विचारा!"

केतकीनं माझ्या इराकडे पाहिलं. फार प्रेमानं पाहिलं हो, तेच तर वाईट! आणि म्हणाली, "इरा ना, झाड. तिला एका जागी उभं राहता येतं."

विहान राजा झाला.

झाड म्हणजे पुठ्ठ्याचं गोल खोड, वर हिरव्या कागदाची पानं आणि डोळ्यांपुरती दोन भोकं. मी चाळीस मिनिटं त्या खोडाचे फोटो काढले. इंदूरला आईला पाठवले. आईचा लगेच फोन आला, "छान आलेत गं. यात आपली इरा कुठली?"

पुढच्या वर्षी मी आधीच तयारी केली. इराला राणीची चारही वाक्यं पाठ करून घेतली. जेवताना, अंघोळीला, रिक्षात. पोर झोपेत म्हणायची, "महाराज, जंगल कटने मत दो." ज्युरीनं यादी वाचली. इरा, झाड.

"परत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अनुभव आहे ना तिला," केतकी म्हणाली.

*

मग मी ठरवलं की अभ्यास पुरे, आता हेरगिरी. गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या आदल्या दुपारी मी विरजण मागायला केतकीकडे गेले. माझ्या घरी दही होतं. भरपूर होतं.

इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "तू यंदा कोणाकोणाला लिहिणार गं?"

"सांगते की," म्हणाली, आणि आठच्या आठ नावं सांगितली! वर माझ्या वाटीत विरजण घालताना म्हणाली, "कोर्टवाल्याला काही मिळणार नाही बघ."

मी वाटी घेऊन रस्ता ओलांडत होते तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. इतक्या सहज कोण सांगतं? ही मला फसवतेय! घरी येऊन मी तिनं सांगितलेलं एकही नाव लिहिलं नाही. आठही ठिकाणी दुसरंच.

तिची सात बरोबर आली. माझं शून्य.

मला अजून राग आहे. मैत्रीण म्हणून एकदा खोटं बोलायला काय झालं होतं हिला?

*

आणि इरा! इरा तर तिचीच आहे. "आई, केतकी मावशीसारखी चोटी घाल." "आई, मावशीकडची खिचडी अच्छी होती है." मी तीच डाळ, तेच तांदूळ, पाटणकर बाजारातल्या त्याच दुकानातून आणते. एकदा विचारलं, "मावशीच्या खिचडीत काय वेगळं असतं गं?"

इरानं नीट विचार केला. "मावशी बीच-बीच में पूछती नहीं, अच्छी है क्या."

*

सोहळ्याच्या सोमवारी मुलांच्या शाळेत कळवावं लागतं, कारण पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेली आई आठ वाजता डबा कुठून भरणार? दरवर्षी मी लिहिते, इराचं पोट दुखतंय. दरवर्षी केतकी लिहिते, विहानचं पोट दुखतंय. एकदा दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांच्या टीचरनी मला फाटकाशी थांबवलं. मी घाईनं इराच्या पोटावर हात ठेवला.

"मॅडम, हर साल एकाच सोमवारी दोघांचं पोट?" त्या म्हणाल्या. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बेस्ट ऐक्ट्रेस किसको मिला?"

*

यंदा मी मंदारला सरळ विचारलं, "मी का हरते रे दरवेळी?"

तो पेपर वाचत होता. वर न बघता म्हणाला, "कारण तुला जो जिंकावासा वाटतो, त्याचं नाव तू लिहितेस. केतकी जो जिंकेल त्याचं लिहिते."

लग्नाच्या बाबतीतही मी तेच केलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. पण बात में दम था. मी चिठ्ठी घेऊन बसले आणि ठरवलं की यंदा आवडनिवड बंद.

यंदाचा माझा सिनेमा शेळीवाला. एक म्हातारी आणि तिची शेळी, बास. मी तो इराचा वरणभात कालवत पाहिला आणि तीनदा रडले, इतकी की इरा म्हणाली, "आई, नमक ज़्यादा हो गया." तसा सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. आणि कोर्टवाला? यंदा पुन्हा एक कोर्टवाला होता, दोन तास टाय लावलेली माणसं एकमेकांना दरडावतात. मला तो मुळीच आवडला नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपट: कोर्टवाला. मी लिहिलं, घडी घातली आणि टिकली लावली. शेळीकडे मान वर करून पाहायची माझी लायकी उरली नव्हती.

पण पाडवा जवळ आला होता. ज्युरी झाले, तर यादी मी वाचणार होते.

*

सोहळा यंदा आमच्या घरी. मंदारनं पहाटेच बेडई, म्हणजे इकडची डाळ भरलेली पुरी, आणि जलेबी आणली. मुलांची पोटं दुखत होतीच, त्यामुळे इरा आणि विहान सोफ्यामागे चादरीचा तंबू करून बसले होते. टीव्हीवर लोक लाल गालिच्यावरून चालत होते आणि जाधवकाकू प्रत्येकीला शिस्त लावत होत्या, "खांदे मागे! ए बाई, खांदे मागे घे!"

सहाय्यक अभिनेत्री. माझं बरोबर! मी केतकीकडे पाहिलं. तिचंही बरोबर.

मग छायाचित्रण तिचं, पटकथा माझी. अभिनेता दोघींचा. दिग्दर्शक दोघींचा. मंदार भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं रेघा मारत होता. आठातली सात झाली तेव्हा नीलू भाभी चार, काकू तीन, केतकी पाच आणि मी पाच.

मी! पाच! आयुष्यात पहिल्यांदा मी केतकीच्या बरोबरीला बसले होते, आणि हातातली जलेबी मी परत ताटात ठेवली.

"अब तो बता दो यार," नीलू भाभी म्हणाल्या. "आखिरी वाले में किसने किसको लिखा?"

मंदारनं दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. "ही लिहिते, कोर्टवाला." मग दुसरी. "केतकी, शेळीवाला."

मी केतकीकडे बघतच राहिले. शेळीवाला जिंकणार नाही हे तर पोस्टर बघूनही कळत होतं.

"यंदा पहिल्यांदा एक पूर्ण पाहिला गं," ती म्हणाली. "दुपारी. विहान शाळेत होता, घरात कोणी नव्हतं. ती शेळी जाते ना, तेव्हा..." आणि हसली. "जाऊ दे. बघा, बघा, उघडताहेत."

त्या गृहस्थांनी लिफाफा उघडला, उगाच दोन विनोद केले, आणि नाव वाचलं.

कोर्टवाला!

मी सोफ्यावर उभी राहिले. हो, चढले सोफ्यावर! मी ओरडले, काकूंनी माझी पाठ थोपटली, म्हणजे खरंतर बडवली, नीलू भाभींनी माझ्या तोंडात जलेबी कोंबली. ज्या सिनेमासाठी मी रडले होते तो हरला होता आणि मी उड्या मारत होते. तिकडे ते टायवाले अजून मंचापर्यंत पोचलेही नव्हते, तोवर इकडे नव्या ज्युरीनं, म्हणजे मी, पहिला निकाल देऊन टाकला, "पाडव्याला इरा राणी!"

पहिली टाळी केतकीनं वाजवली. "व्हायलाच हवं होतं," ती म्हणाली. "चला, सुटले बाई मी. आता मला काही कामच राहिलं नाही."

आणि वाकून टेबल पुसायला लागली. जलेबीचा पाक एका बाजूला सांडला होता आणि ती दुसऱ्या, कोरड्या बाजूला पुसत होती. तीच जागा, पुन्हा पुन्हा. केस तोंडावर आले होते, तिनं मागे सारले नाहीत. जाधवकाकू टीव्हीकडे बघायला लागल्या. नीलू भाभी पंख्याकडे. मंदारनं कॅलेंडरवरची माझी सहावी रेघ मारायला घेतलेली पेन्सिल तशीच धरून ठेवली.

मी सोफ्यावरच उभी होते. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते गोड लागायला कधी सुरुवात होते, त्याची मी वाट बघत होते.

तंबूची चादर हलली. इरा बाहेर आली. मला वाटलं, राणी झाली म्हणून माझ्याकडे येतेय. मी हात पुढे केले. ती माझ्या हातांखालून सरळ केतकीकडे गेली, तिची ओढणी ओढली, टेबलाखाली वाकून तिच्या तोंडाकडे खालून पाहिलं, आणि म्हणाली,

"मावशी, तू झाड बन जा ना. आत रडलं तर कोणाला दिसत नाही."